हापूसच्या बनावट संकेतस्थळांचा शोध: एका एम. टेक. प्रबंधाचा प्रकरण अभ्यास

रत्नागिरी जिल्ह्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेच्या पदव्युत्तर वर्गात शिकणाऱ्या विद्यार्थिनीने प्रबंधासाठी असा विषय मांडला, की हापूस आंब्याची ऑनलाइन विक्री करणाऱ्या संकेतस्थळांपैकी फसवी कोणती, हे वेब डेटा मायनिंगच्या, म्हणजे संकेतस्थळांवरील माहिती गोळा करून तिच्यातील नमुने यंत्राने शोधण्याच्या, साहाय्याने आपोआप ओळखता यावे. हे प्रकरण अध्यापनासाठी रचलेले असून त्यातील महाविद्यालय व व्यक्ती कल्पित आहेत. पुढे उल्लेख येणारे संशोधन, कायदे आणि तंत्रे मात्र खरी आहेत. विषय स्थानिक असला तरी त्यातून उभे राहिलेले प्रश्न माहिती सुरक्षेच्या आजच्या संशोधनातील मध्यवर्ती प्रश्न आहेत, आणि ते देवगड-राजापूरच्या जमिनीवर जितके स्पष्ट दिसतात तितके मोठ्या महानगरी उदाहरणांत दिसत नाहीत.

व्यवहाराची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. मोहोर टिकला, की फेब्रुवारीपासून बागायतदार आगाऊ नोंदणी घेऊ लागतात, मार्च ते मेच्या मध्यापर्यंत पेट्या रवाना होतात आणि पाऊस सुरू झाला की व्यवहार थांबतो. पूर्वी बहुतेक माल दलालामार्फत वाशीच्या बाजारात जाई. आता बरेच बागायतदार मुंबई-पुण्याच्या ग्राहकाला थेट विकतात आणि त्यासाठी छोटे संकेतस्थळ, व्हॉट्सअॅप क्रमांक व यूपीआयचा क्यूआर कोड एवढी सामग्री त्यांना पुरते. हापूसला २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. नावाला भाव आहे, पैसे आगाऊ घेतले जातात आणि ग्राहक विक्रेत्याला प्रत्यक्ष पाहत नाही. फसवणुकीला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी येथे एकत्र येतात.

विद्यार्थिनीची पहिली मांडणी या क्षेत्रातील शेकडो निबंधांत आढळते तशीच होती. फसव्या पत्त्यांसाठी तिने २००६ पासून चालू असलेल्या फिशटँकसारख्या, फिशिंगची (म्हणजे ओळखीच्या संस्थेचे सोंग घेऊन परवलीचा शब्द चोरणारी) पाने नोंदवणाऱ्या सार्वजनिक याद्या घेतल्या. प्रामाणिक संकेतस्थळांसाठी ट्रँको ही लोकप्रिय संकेतस्थळांची क्रमवारी घेतली. लोकप्रिय संकेतस्थळांच्या याद्यांमध्ये सहज फेरफार करता येतो, हे दाखवून देणाऱ्या संशोधकांनीच ती २०१९ मध्ये तयार केली, आणि २०२२ मध्ये अलेक्साची यादी बंद पडल्यानंतर संशोधनात तिचा वापर आणखी वाढला. प्रत्येक पत्त्यावरून तिने डोमेनचे (म्हणजे संकेतस्थळाच्या नोंदवलेल्या नावाचे) वय, पत्त्याची लांबी, सुरक्षित जोडणीच्या प्रमाणपत्राचा प्रकार, संपर्काच्या पानावरील तपशील, पैसे घेण्याची पद्धत अशी वैशिष्ट्ये काढली. सर्व नोंदी सरमिसळ करून त्यांतील काही शिकवण्यासाठी आणि काही चाचणीसाठी ठेवल्या. खरे-खोटे वेगळे करणाऱ्या प्रोग्रामची, म्हणजे वर्गीकारकाची, अचूकता शंभर टक्क्यांच्या अगदी जवळ पोहोचली, आणि मार्गदर्शकांना शंका आली ती या आकड्यामुळेच.

त्यांनी सुचवलेली चाचणी साधी होती. ज्यांच्या बागा महाविद्यालयातील लोकांनी स्वतः पाहिल्या आहेत, ज्यांच्याकडून दरवर्षी पेटी घरी येते, अशा ओळखीच्या बागायतदारांची संकेतस्थळे वर्गीकारकासमोर ठेवायची. त्यातील बहुसंख्य त्याने फसवी ठरवली.

कारण शोधायला फार खोल जावे लागले नाही. ट्रँकोच्या यादीत बँका, वृत्तपत्रे, सरकारी खाती, मोठ्या दुकानांची संकेतस्थळे असतात. ती जुनी असतात, त्यांचे डोमेन वर्षानुवर्षे एकाच नावावर असते, ग्राहक सेवा केंद्राचा स्वतंत्र क्रमांक असतो, आणि यादीत फक्त मुख्य पान येत असल्यामुळे पत्ता आखूड असतो. फिशटँकमधील पत्ते याच्या उलट: नवे डोमेन, लांबलचक पत्ता, मोफत जागा. वर्गीकारकाने प्रत्यक्षात मोठे आणि लहान यांतील भेद शिकून घेतला होता, खरे आणि खोटे यांतील नव्हे. जामसंड्यातील बागायतदाराने जानेवारीच्या अखेरीस नवे डोमेन घेतले, भाच्याकडून दोन पाने तयार करून घेतली, खाली स्वतःचा मोबाइल क्रमांक आणि क्यूआर कोड लावला, तर तंत्राच्या नजरेत तो फसव्या विक्रेत्यासारखाच दिसतो. या चुकीला संशोधनाच्या भाषेत नमुना निवडीचा कल म्हणतात. डॅनियल आर्प आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये सुरक्षा क्षेत्रातील अग्रगण्य परिषदांतले, यंत्रशिक्षण (मशीन लर्निंग) वापरणारे ३० निबंध तपासले तेव्हा दहा नेहमीच्या चुकांपैकी किमान तीन प्रत्येक निबंधात आढळल्या, आणि नमुना निवडीचा कल हा त्यांतील सर्वाधिक पसरलेल्यांपैकी होता. तेव्हा विद्यार्थिनीची चूक तिच्या महाविद्यालयाच्या मर्यादित साधनांमुळे झाली असे म्हणता येत नाही. ती या विषयाच्या परंपरेतच आहे.

डोमेनच्या वयाचा मुद्दा स्वतंत्रपणे पाहण्यासारखा आहे, कारण फसवी संकेतस्थळे ओळखण्याच्या साहित्यात हे वैशिष्ट्य सर्वाधिक विश्वासाचे मानले जाते. २०१८ मध्ये युरोपचा खासगीपणाचा कायदा अमलात आल्यापासून डोमेनधारकाचे नाव व पत्ता सार्वजनिक नोंदीतून बहुतांशी झाकला गेला, आणि त्यानंतर संशोधकांच्या हाती खात्रीने उरली ती मुख्यतः नोंदणीची तारीख. पण हंगामी व्यवसायात ही तारीख दोन्ही बाजूंना सारखीच येते. फसवणूक करणारा फेब्रुवारीत डोमेन घेतो, कारण गिऱ्हाईक तेव्हा येते. बागायतदारही फेब्रुवारीतच घेतो, कारण त्यापूर्वी मोहोराचे काय होणार हे त्यालाही ठाऊक नसते. शिवाय अनेक बागायतदार हंगाम संपल्यावर डोमेनचे नूतनीकरण करत नाहीत. मुदत संपलेले नाव पुढच्या वर्षी दुसराच कोणी घेऊ शकतो, आणि मग जुन्या ग्राहकाने जपून ठेवलेला, एकेकाळी खरा असलेला पत्ता त्याला फसव्या दुकानात नेतो. येथे वयाचा निकष उलटाच लागू पडतो.

पत्त्याच्या पट्टीतील कुलपाबद्दलही असेच. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्था २०१५ पासून या कुलपासाठी लागणारी प्रमाणपत्रे मोफत देत आहे, आणि ती बागायतदारालाही मिळतात व ठकालाही. कुलूप दिसले म्हणजे संकेतस्थळ सुरक्षित, हा सल्ला अजूनही जनजागृतीच्या फलकांवर दिसतो. तो काढून टाकायला हवा.

दुसरी अडचण वैशिष्ट्यांच्या आधीची, म्हणजे ‘फसवे’ कशाला म्हणायचे याची होती. मार्गदर्शकांनी विद्यार्थिनीला तक्रारी वाचून त्यांची वर्गवारी करायला सांगितले तेव्हा तीन निरनिराळे प्रकार पुढे आले. काही विक्रेते पैसे घेऊन नाहीसे होतात. काही आंबा पाठवतात, पण तो कर्नाटकातला असतो आणि पेटीवर देवगडचे नाव असते. काही जण एखाद्या नावाजलेल्या बागेच्या संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल करून तिच्या ग्राहकांना वळवतात. यांतील दुसरा प्रकार बाजारात सर्वांत जुना आणि बागायतदारांच्या बोलण्यात सर्वाधिक येणारा. पण तो संकेतस्थळावरून ओळखता येण्याची शक्यता जवळजवळ नाही. पेटी उघडून फळ कापल्यावर जे कळते ते पानाच्या मांडणीत शोधणे व्यर्थ आहे, आणि डेटा पुरेसा मिळाला की सर्व काही सापडेल ही समजूत येथे बाजूला ठेवावी लागते. फिशटँकची यादी तर या तिन्हींपैकी पहिल्या दोन प्रकारांसाठी जवळजवळ निरुपयोगी होती, कारण त्या यादीचा भर बँकेचा किंवा ईमेलचा परवलीचा शब्द चोरणाऱ्या पानांवर आहे. आंब्याचे पैसे घेऊन गप्प बसणारे दुकान परवलीचा शब्द मागतच नाही. दोन्ही गुन्ह्यांचे आयुष्यही वेगळे असते. ॲडम ओएस्ट आणि सहकाऱ्यांच्या २०२० मधील अभ्यासात फिशिंगच्या हल्ल्यात पहिला बळी पानावर आल्यापासून शेवटचा येईपर्यंत सरासरी २१ तास जातात असे आढळले. आंब्याच्या बाबतीत ‘पंधरा एप्रिलनंतर पेटी मिळेल’ एवढे एक वाक्य ठकाला कित्येक आठवड्यांची मुदत मिळवून देते, आणि ग्राहकालाही त्यात वावगे वाटत नाही, कारण खरा बागायतदारही तेच सांगतो.

यानंतर डेटा नव्याने गोळा झाला. प्रामाणिक बाजूसाठी भौगोलिक मानांकनाच्या नोंदवहीतील अधिकृत वापरकर्ते आणि तालुक्यातील सहकारी संस्थांचे सभासद, यांपैकी ज्यांची संकेतस्थळे आहेत ती घेण्यात आली. त्यामुळे तुलना लहानांची लहानांशी होऊ लागली. विभागणीची पद्धतही बदलली. सरमिसळ करून केलेल्या विभागणीत यंदाच्या नोंदी शिकवण्यात आणि गेल्या वर्षीच्या नोंदी चाचणीत येऊ शकतात, म्हणजे भविष्य पाहून भूतकाळ ओळखण्याचा प्रकार होतो; हानिकारक सॉफ्टवेअरच्या वर्गीकरणात यामुळे आकडे किती फुगतात हे फिअर्गस पेंडलबरी आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये सविस्तर दाखवले आहे. आता शिकवणे आधीच्या हंगामावर आणि चाचणी नंतरच्या हंगामावर, असा नियम ठरला. तसेच एकाच साच्यातून काढलेली, एकच यूपीआय ओळख वापरणारी संकेतस्थळे एकत्र बांधून पूर्ण गट एकाच बाजूला ठेवण्यात आला, नाहीतर त्याच दुकानाची जुळी प्रत चाचणीत येते आणि वर्गीकारक ती केवळ आठवणीने ओळखतो. अपेक्षेप्रमाणे अचूकता बरीच खाली आली.

साच्यांचा विचार करताना कोकणातील एक वस्तुस्थिती पुढे आली, जिचा उल्लेख परदेशी साहित्यात सापडत नाही. मजकुराची नक्कल हा फसवणुकीचा पुरावा मानण्याची पद्धत आहे, आणि पाने एकमेकांशी किती जुळतात हे मोजण्यासाठी आंद्रेई ब्रोडर यांनी १९९७ मध्ये मांडलेले तंत्र आजही वापरले जाते. पण तालुक्याच्या गावी संकेतस्थळे करून देणारा तरुण बहुधा एकच असतो, आणि तो वीस बागायतदारांना एकच साचा, पेंढ्यात मांडलेल्या फळांचे एकच छायाचित्र आणि ‘आमच्याकडे नैसर्गिकरीत्या अढीत पिकवलेला हापूस मिळेल’ हेच वाक्य देतो. पत्त्याच्या विसंगतीचेही तसेच. बाग राजापूर तालुक्यात, फोन उचलणारा पुतण्या डोंबिवलीत, डोमेन त्याच्या नावावर आणि बँक खाते काकांचे, ही चाकरमान्यांच्या घरातली नेहमीची व्यवस्था आहे. वर्गीकारकाला मात्र ती चार वेगवेगळ्या व्यक्तींची संशयास्पद साखळी वाटते. हे तपशील ज्याला माहीत नाहीत तो संशोधक कितीही कुशल असला तरी चुकीची वैशिष्ट्ये निवडणार, असे माझे मत आहे, आणि म्हणूनच अशा विषयांवर स्थानिक महाविद्यालयांनी काम करणे मला केवळ सोयीचे नव्हे तर आवश्यक वाटते.

आता प्रमाणाचा प्रश्न. स्टीफन अॅक्सेलसन यांनी १९९९ मध्ये घुसखोरी ओळखणाऱ्या यंत्रणांच्या संदर्भात दाखवले, की ज्या गोष्टीचा शोध घ्यायचा ती विरळ असेल तर उत्तम यंत्रणेचेही बहुतेक इशारे खोटे निघतात. केवळ समजण्यासाठी आकडे धरू. हंगामात १,००० विक्री संकेतस्थळे आहेत, त्यांपैकी २० फसवी आहेत. वर्गीकारक फसव्यांपैकी ९५ टक्के पकडतो आणि प्रामाणिकांपैकी फक्त ५ टक्क्यांवर चुकून शिक्का मारतो. म्हणजे १९ फसवी सापडतील आणि ९८० प्रामाणिकांपैकी ४९ जणांवर शिक्का बसेल. शिक्का बसलेल्या ६८ संकेतस्थळांत खरोखर फसवी १९, म्हणजे सुमारे २८ टक्के. कागदावर हा वर्गीकारक ‘९५ टक्के अचूक’ ठरतो. ४९ बागायतदारांच्या दृष्टीने तो हंगाम बुडवणारा ठरतो, कारण एप्रिलमध्ये अडलेली विक्री जूनमध्ये भरून काढता येत नाही.

याच कारणासाठी फसव्या संकेतस्थळांची यादी प्रसिद्ध करण्याची मूळ योजना मागे घेण्यात आली. विद्यार्थिनीला तो भाग प्रबंधाचा सर्वांत उपयुक्त भाग वाटत होता, आणि तिची भूमिका समजण्यासारखी होती. परंतु २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनासाठी असलेली सवलत ज्या अटींवर मिळते, त्यांतील एक अशी आहे, की डेटाचा उपयोग त्या विशिष्ट व्यक्तीबाबत निर्णय घेण्यासाठी होता कामा नये. अमुक विक्रेता ठक आहे असे जाहीर करणे हा नेमका तसाच निर्णय आहे. त्याच कायद्यानुसार व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेला डेटा कायद्याच्या कक्षेबाहेर राहतो. म्हणून बागायतदाराने स्वतःच्या पानावर दिलेला क्रमांक गोळा करणे आणि चिडलेल्या ग्राहकाने अभिप्रायात लिहिलेला त्याचा क्रमांक गोळा करणे, या दोन कृती सारख्या नाहीत. विद्यार्थिनीच्या क्रॉलरने, म्हणजे पाने आपोआप वाचून माहिती उचलणाऱ्या प्रोग्रामने, दोन्ही एकाच तक्त्यात भरले होते. ते वेगळे केले गेले आणि अभिप्रायांतील क्रमांक काढून टाकण्यात आले.

उरलेले क्रमांक तिने हॅश करून, म्हणजे ठराविक सूत्राने मूळ क्रमांक न दाखवणाऱ्या संकेतात बदलून, ठेवले होते आणि त्यामुळे ते अनामिक झाले असे प्रबंधाच्या मसुद्यात लिहिले होते. हा गैरसमज व्यापक आहे, म्हणून त्याचा हिशोब येथे देतो. भारतीय मोबाइल क्रमांक दहा अंकी असतो आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. म्हणजे शक्य असलेले सर्व क्रमांक जास्तीत जास्त ४०० कोटी. बाजारात मिळणारे चांगले ग्राफिक्स कार्ड एसएचए-२५६ या पद्धतीचे हॅश सेकंदाला अब्जावधींच्या वेगाने काढते, त्यामुळे सर्व क्रमांकांचे हॅश काढून तक्त्याशी ताडून पाहणे हे मिनिटभराचेही काम नाही. त्याऐवजी गुप्त किल्ली वापरून हॅश करण्यात आले आणि ती किल्ली डेटापासून वेगळी, मार्गदर्शकांकडे ठेवण्यात आली. नाव काढले म्हणजे ओळख गेली असे होत नाही, हे २००६ मध्ये एओएलने सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांच्या शोधनोंदी नावांऐवजी क्रमांक टाकून प्रसिद्ध केल्या आणि पत्रकारांनी त्यातील एका वृद्ध महिलेला शोधून काढले तेव्हाच दिसून आले होते. दोन वर्षांनी अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव्ह यांनी नेटफ्लिक्सने प्रसिद्ध केलेल्या अनामिक नोंदींबाबत तेच सिद्ध केले. कोकणातल्या वाडीत तर तालुका, कलमांची संख्या आणि बागेसमोरच्या देवळाचा उल्लेख एवढे पुरते. गावातला कोणीही माणूस नाव सांगेल.

संकेतस्थळांवरून डेटा उचलण्याच्या कायदेशीरपणाबद्दल थोडक्यात सांगायचे तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ४३ मालकाच्या परवानगीविना डेटा उतरवून घेण्याबद्दल नुकसानभरपाईची तरतूद करते, आणि संकेतस्थळाने क्रॉलरसाठी ठेवलेल्या रोबोट्स फाइलमधील सूचना पाळल्या म्हणून परवानगी मिळाली असे होत नाही. १९९४ पासून रूढ असलेला आणि २०२२ मध्ये आरएफसी ९३०९ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात नोंदला गेलेला तो संकेत क्रॉलरने काय टाळावे एवढेच सांगतो. महाविद्यालयाने सहकारी संस्थांमार्फत सभासदांची लेखी संमती घेतली. क्रॉलरचा वेगही कमी करण्यात आला, कारण सामायिक सर्व्हरवरील छोटे संकेतस्थळ हंगामात विनंत्यांच्या माऱ्याने बंद पडले, तर सुरक्षेच्या संशोधनानेच बागायतदाराचे नुकसान केले असे होईल.

शेवटी प्रबंधाचा प्रश्न आकसला, आणि माझ्या मते तेच या कामाचे खरे फलित आहे. तीन प्रकारांपैकी फक्त तिसरा, म्हणजे नावाजलेल्या बागांची नक्कल, शोधायचा असे ठरले, कारण येथे खरे काय याची यादी आधीच हाताशी असते आणि तुलना तिच्याशी करता येते. साधनही तयार होते. दिलेले प्रत्येक प्रमाणपत्र सार्वजनिक नोंदवहीत उतरवण्याची कल्पना २०१३ मध्ये आरएफसी ६९६२ ने मांडली, आणि २०१८ पासून क्रोम ब्राउझर नव्या प्रमाणपत्रांसाठी अशा नोंदीचा आग्रह धरतो. त्यामुळे नवे संकेतस्थळ उभे राहताच त्याचे नाव बहुधा या नोंदवह्यांत दिसते. ही नावे सभासदांच्या नावांशी ताडून पाहणारा छोटा प्रोग्राम विद्यार्थिनीने लिहिला. त्यात तिला स्पेलिंगचा बराच त्रास झाला, कारण हापूस आणि देवगड ही दोन्ही नावे रोमन लिपीत चार-पाच प्रकारे लिहिली जातात आणि खऱ्या बागायतदारांमध्येही एकवाक्यता नाही. केवळ एका अक्षराचा फरक म्हणजे नक्कल, हा पाठ्यपुस्तकी नियम येथे चालला नाही आणि प्रत्येक शब्दाची मान्य रूपे हाताने नोंदवावी लागली.

प्रोग्रामने काढलेले नाव थेट कोणाच्याही यादीत जात नाही. संस्थेचा सचिव संबंधित बागायतदाराला फोन करून हे संकेतस्थळ तुमचेच का, असे विचारतो. कधी उत्तर येते, की हो, मुंबईच्या मुलाने यंदा नवे केले आहे. नाही असे उत्तर आले तर बागायतदार स्वतः डोमेन देणाऱ्या कंपनीकडे तक्रार करतो, आणि ज्या ग्राहकाचे पैसे गेले त्याला १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तातडीने फोन करायला सांगितले जाते, कारण रक्कम पुढच्या खात्यात जाण्यापूर्वी अडवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

या पद्धतीच्या कक्षेबाहेर बरेच काही राहते. मोठ्या ऑनलाइन मंचाच्या उपडोमेनवर, म्हणजे मंचाच्याच पत्त्याखाली, चालणारी दुकाने मंचाच्या सामायिक प्रमाणपत्राखाली येतात, म्हणून त्यांची नावे नोंदवहीत स्वतंत्रपणे दिसत नाहीत. केवळ इन्स्टाग्रामवर किंवा व्हॉट्सअॅपच्या गटांत चालणारी विक्री तर मुळीच दिसत नाही. अशा गटांत ग्राहक म्हणून शिरून संदेश गोळा करण्याची विद्यार्थिनीची सूचना मार्गदर्शकांनी नाकारली, कारण गटातील लोकांनी संशोधनाला संमती दिलेली नव्हती. बहिःस्थ परीक्षकांनी मौखिक परीक्षेत याच मुद्द्यावर जास्त वेळ घेतला आणि विचारले, की विक्री जर गटांकडे सरकत असेल तर प्रमाणपत्रांच्या नोंदवहीवर उभे असलेले हे साधन किती हंगाम उपयोगी पडेल. विद्यार्थिनीने उत्तर दिले, की बागायतदाराने स्वतःहून दिलेल्या क्यूआर कोडची पडताळणी संस्थेच्या पानावर करता आली तर गट कोणताही असो, ग्राहकाला पैसे देण्यापूर्वी खात्री करता येईल. परीक्षकांनी ते उत्तर पुढील कामाच्या प्रकरणात लिहून घ्यायला सांगितले.